लेकरू सांभाळण्याचे वेतन

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानसा व्यवहार सांगितला आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. नदीकाठच्या लव्हाळ्यात सापडलेल्या बाळाला पाहून फारोच्या कन्येचे अंतःकरण द्रवले, बाळाची बहीण चतुराईने पुढे झाली आणि तिने इब्र्यांतील एक दाई आणून उभी केली. ती दाई म्हणजे त्या बाळाची आईच होती, हे आपण सर्व जाणतो. परंतु राजकन्येने त्या दाईला, तिच्या श्रमाबद्दल वेतन देण्याचे आपण होऊन कबूल केले, आणि योखबेदीने ते नाकारले असे शास्त्र म्हणत नाही. आपल्या पोटच्या गोळ्याला आपलेच दूध पाजण्याबद्दल तिने वेतन घेतले. त्यामुळे तिची माया उणी झाली काय? मुळीच नाही. देवाच्या लोकांचा सोडवणारा त्याच मांडीवर वाढला.

हा अध्याय आज आम्ही काढला, याचे कारण आमच्या वाईच्या मंडळीत गतवर्षी घडलेली एक गोष्ट आहे. तीत दोष पुष्कळसा आमचा होता, म्हणून ती सांगणे आमचे कर्तव्य आहे.

वाईस ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना ठाऊकच आहे की, कृष्णेकाठचे हे गाव आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. पूर्वी आई शेतात गेली तर घरी आजी असे, आजी नसली तर चुलती असे. आता थोरला मुलगा पुण्याला, धाकटा मुंबईला, आणि जे जोडपे वाईत उरले त्यातील दोघेही कामावर. कोणी शाळेत शिकविते, कोणी दवाखान्यात परिचारिका आहे, कोणी दुकानात हिशेब लिहिते, कोणी रोज सकाळच्या गाडीने पसरणीचा घाट चढून पाचगणीस कामाला जाते. कायद्याने या गोष्टीचा थोडा विचार केला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे मुलांसाठी खोली ठेवावी असे ठरविले. १९७६ साली तो आकडा तीसांवर आणला गेला. आणि २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामकरी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सांगितली. परंतु जेथे दोघी-तिघीच कामाला आहेत अशा दुकानाला व दवाखान्याला हे कायदे पोहोचत नाहीत. मग त्या मातांनी लेकरे कोठे ठेवावीत? शेजारच्या एखाद्या विश्वासू बाईच्या घरी. आज गावोगाव घरगुती पाळणाघरे निघाली आहेत ती अशी.

आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी अशा विचाराने आमच्याकडे आली. तिच्या दोन खोल्या, पुढे लहानसे अंगण, आणि लेकरांची अतोनात आवड. तिने विचारले, “महिना काय घ्यावे?” त्याच आळीत मंडळीतील दुसरी एक भगिनी काही वर्षांपासून मुले सांभाळीत होती व मुलामागे दोन हजार रुपये घेत होती. आम्ही फारसा विचार न करता सांगितले की, ही प्रभूची सेवा आहे, तू बाराशेच घे. दर कमी ठेवलास की मुले आपोआप येतील. आमचे बोलणे भक्तीचे वाटत होते आणि व्यवहाराचेही वाटत होते. असे दोन्हीकडून गोड लागणारे बोलणे नीट तपासून घ्यावे, हे आम्हांस तेव्हा सुचले नाही.

मुले आली खरी. तीन महिन्यांत त्या दोन खोल्यांत अकरा लेकरे झाली. त्यांतील पाच शेजारणीकडून आलेली होती. तिच्या सातांपैकी दोनच राहिली. त्या बाईच्या मुलीचे शिक्षण त्या पैशावर चालले होते, ते थांबले. आईने आमच्याशी भांडण केले नाही. उपासनेस ती आपली नेहमीची जागा सोडून मागच्या बाकावर बसू लागली, आणि आम्ही ते पाहूनही पुष्कळ दिवस काही विचारले नाही.

पुढे पावसाळ्यात एके दिवशी, एक लेकरू तापाने फणफणले म्हणून त्या विधवा भगिनीने त्याला मांडीवर घेतले असता, चार वर्षांचा दुसरा मुलगा दाराबाहेर गेला. अर्ध्या तासाने तो घाटाच्या पायरीवर पाण्याकडे पाहत बसलेला एका भाजीवालीला दिसला, आणि तिने त्याला हाताला धरून परत आणले. कृष्णा त्या दिवशी भरून वाहत होती. देवाने लेकरू राखले. परंतु ती भगिनी आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिचे हात थरथरत होते, आणि तिने त्याच आठवड्यात पाळणाघर बंद केले.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन प्रथमच तिचा हिशेब मांडला. तो सल्ला देण्यापूर्वी मांडावयास पाहिजे होता. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने लूकाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेच आहे. अकरा मुलांचे बाराशेप्रमाणे १३,२०० रुपये येत. दूध, खिचडी, फळ मिळून एका मुलामागे दिवसाला २५ रुपये धरले तर पंचवीस दिवसांचे ६,८७५ होतात. गॅस, वीज, साबण, सतरंज्या यांचे १,५००. उरले ४,८२५. म्हणजे सकाळी साडेआठपासून सायंकाळी साडेसहापर्यंत, दहा तास अकरा लेकरांमागे धावून तिला दिवसाचे १९३ रुपये पडत होते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मातीची पाटी उचलणाऱ्याला सरकारी दराने २९७ रुपये रोज मिळत असे. मातीहून लेकरू हलके ठरले!

आता हाच हिशेब दुसऱ्या रीतीने पाहा. तिने सहाच मुले घेऊन २,२०० रुपये दर ठेवला असता, तरी जमा तीच, १३,२०० रुपये. खाण्याचा खर्च ३,७५०, इतर १,२००, आणि शिल्लक ८,२५०. म्हणजे दिवसाला ३३० रुपये. एका बाईच्या दोन डोळ्यांना सहा लेकरे दिसू शकतात. अकरा दिसत नाहीत. तेव्हा आम्ही जो दर उतरविला, त्याची तूट कोणीतरी भरून काढीत होते. काही भाग त्या विधवेने आपल्या हाडांनी भरला, काही शेजारणीच्या मुलीने आपल्या शिक्षणाने भरला, आणि बाकीचा भाग घाटाच्या पायरीवर बसलेले ते लेकरू भरणार होते.

येथे या सर्व प्रश्नाचे मूळ आहे. स्वस्ताईचे मोल कोठे नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढते. म्हणून दर ठरविताना ‘किती कमी करता येईल’ एवढेच न पाहता ‘जे कमी केले ते कोण भरणार’ हे ख्रिस्ती मनुष्याने प्रथम विचारावे.

कोणी म्हणेल, लेकरांवरील प्रेमाची किंमत करावी काय? आम्ही म्हणतो, प्रेमाची करू नये, आणि कोणाला ती करताही येणार नाही. परंतु जो वेळ गेला, जो गॅस जळला, जी खोली दिवसभर दुसऱ्याच्या कामी आली, आणि ज्या कामाला ती बाई त्यामुळे जाऊ शकली नाही, त्यांचे मोल होते. ते दिल्याने प्रेम विकत घेतले जात नाही. न दिल्याने मात्र प्रेम करणारीची पिळवणूक होते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराचे वेतन रात्रभरही आपल्याजवळ ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की अडवून ठेवलेल्या मजुरीची आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. ही वचने शेतकामाला लागू आहेत आणि चूलमूल करणाऱ्या बाईला नाहीत, असे कोठे लिहिले आहे?

परंतु पौलाने आपला हक्क सोडला होता ना, अशी शंका येते. थेस्सलनीकाकरांना लिहिताना तो आपली तुलना लेकरांना जपणाऱ्या दाईशी करतो, आणि लगेच म्हणतो की कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस हातांनी काम केले. हे उदाहरण थोर आहे. पण ते पूर्ण वाचावे. पहिल्या करिंथच्या नवव्या अध्यायात आपला हक्क सोडण्यापूर्वी तो हक्क खरा आहे हे तो अर्धा अध्याय खर्चून सिद्ध करतो, म्हणजे त्याच्या उदाहरणाचा सोटा करून दुसऱ्या कामकऱ्याला कोणी मारू नये. आणि दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो उघड कबूल करतो की, करिंथकरांची सेवा फुकट करिता आली ती इतर मंडळ्यांनी त्याचा खर्च चालविल्यामुळे. करिंथात जे फुकट वाटले त्याचे पैसे मासेदोनियात भरले गेले होते. पौलाने हे झाकून ठेवले नाही.

लहान लेकरांच्या सेवेचा आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील इतिहासही हेच शिकवितो. फ्रान्सच्या पूर्वेकडील वोज डोंगरांतील एका दरिद्री खोऱ्यात ओबरलिन नावाचा पाळक १७६७ साली गेला. तेथे सारा बांझे नावाची तरुणी आपल्या घरी गावची लहान मुले जमवून त्यांना विणकाम शिकवीत असे. तिच्या बापाला हे फुकटचे काम पसंत नव्हते. ओबरलिनने त्या बापाला स्वार्थी म्हणून दोष दिला नाही. त्याने साराचे वेतन ठरविले आणि तिला कामावर घेतले. तिच्यामागून लुईझ शेप्लेर या मुलीने तेच काम आयुष्यभर चालविले, आणि पुढे तिने पगार घेण्याचे नाकारले. आपण तिची थोरवी गातो, आणि ते योग्यच आहे. फ्रान्सच्या विद्वत्सभेने १८२९ साली तिचा गौरवही केला. परंतु लुईझने पगार सोडला तेव्हा पाळकाच्या घरात कन्येप्रमाणे राहण्याची जागा तिने मागून घेतली होती. तिच्या डोक्यावर छप्पर होते आणि ताटात अन्न होते. आमच्या विधवा भगिनीला ‘सेवा कर’ असे सांगताना आम्ही तिला कोणते छप्पर दिले होते? लुईझचा त्याग तिने स्वतः केला. आमच्या भगिनीचा त्याग आम्ही तिच्यावतीने करून टाकला. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या दानाला दान म्हणत नाहीत.

पॅरिस शहरात १८४४ साली मार्बो नावाच्या गृहस्थाने कामकरी मातांसाठी पाळणाघर काढले. ते धर्मादायाच्या पैशावर चाले, तरीही प्रत्येक मातेने रोज काही थोडे द्यावे असा नियम ठेविला होता, कारण मातेने याचक होऊन येऊ नये अशी इच्छा होती. आपल्या महाराष्ट्रात १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून सरकारी योजनेच्या रूपाने देशभर पसरली. परंतु तेथे काम करणारीस ‘सेविका’ म्हटले गेले आणि तिला मिळे त्याला ‘मानधन’. नावे मोठी गोड आहेत. पण पगार म्हटला की हक्क येतो, मानधन म्हटले की उपकार येतो. अंगणवाडी सेविकांना व मदतनिसांना उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ च्या एप्रिलात. गोड नावाखाली कमी मोल देण्याची ही खोड केवळ सरकारची नाही. मंडळीत आपणही ‘सेवा’ हा पवित्र शब्द पुष्कळदा याच कामी लावतो.

आता शेजारणीचा प्रश्न. दुसऱ्यापेक्षा दर कमी ठेवणे हे पाप आहे काय? सरसकट तसे आम्ही म्हणत नाही. एखादीचा खर्चच कमी असेल, घर स्वतःचे असेल, घरचे दूध असेल, तर तिने त्याचा लाभ मातांना द्यावा. ते न्याय्य आहे. परंतु शेजारणीची मुले ओढून घ्यावी एवढ्याच हेतूने, आपल्याला न परवडणारा दर लावणे, म्हणजे खोट्या तराजूने तोलणे होय. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात परमेश्वराला वीट आणणारा म्हणून जो तराजू सांगितला आहे, तो केवळ वाण्याच्या दुकानात नसतो. ज्या दरात खरा खर्च धरलेला नाही तो दरही खोटे वजन आहे, कारण तो आईला असे भासवितो की तिचे लेकरू नीट सांभाळले जाईल, आणि तसे सांभाळणे त्या पैशात शक्य नसते.

उलट बाजूही तितकीच जपावी. दोघी-चौघींनी एकत्र बसून, आता आईबापांना दुसरी सोय नाही, तेव्हा मागू ते देतील, असे ठरवून दर चढविणे हेही अधर्माचेच आहे. धान्य अडवून ठेवणाऱ्याला लोक शाप देतात, असे त्याच अध्यायात आहे. मग या दोहोंमधील वाट कोणती? आमच्या मते ती वाट उजेडाची आहे. आपला खर्च, आपले तास, आपल्या डोळ्यांखाली मावणारी मुले, आणि प्रामाणिक मजुरी यांवरून जो दर निघेल तो कागदावर लिहावा व दाराशी लावावा. जो हिशेब आईबापांसमोर आणि शेजारणीसमोर वाचून दाखविण्यास लाज वाटत नाही, तो बहुधा न्याय्य असतो. त्यानंतर चढाओढ करावयाची तर ती स्वच्छतेत, ममतेत आणि वक्तशीरपणात खुशाल करावी.

गरीब मातेचे काय? तिच्यासाठी सवलत हवीच. परंतु सवलत कशी द्यावी हेही शास्त्राने शिकविले आहे. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्यात अशी लेवीयात आज्ञा आहे. सर्व शेतच सोडून द्यावे अशी नाही, कारण मग पुढल्या वर्षी ना शेतकरी राहील ना कडा. सहा मुलांत एक जागा कमी दराची ठेवणे ही शेताची कड होय. आणि बवाजाने काय केले ते पाहा: रूथ हिच्यासाठी मुद्दाम काही कणसे पाडा आणि तिला लाजवू नका, असे त्याने गड्यांना बजावले. सवलत दिली ती चारचौघांत बोलून दाखवू नये. शिवाय त्या एका जागेची तूट एकट्या विधवेनेच का सोसावी? द्राक्षमळ्याच्या दृष्टांतातील धन्याने शेवटच्या मजुरांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली ती स्वतःच्या थैलीतून. पहिल्यांच्या मजुरीतून एक पैही कापली नाही. मंडळीला उदार व्हावयाचे असेल तर मंडळीने आपल्या दानार्पणातून त्या एका मुलाचे पैसे द्यावेत. ती खरी सेवा होईल, आणि ती आपली होईल.

आईबापांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. घेणारा ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणून भाव पाडतो आणि घरी गेल्यावर फुशारकी मारतो, अशा अर्थाचे नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. मंडईत हळकुंडांवर घासाघीस करावी तशी लेकराच्या सांभाळावर करू नये. दिवाळीला आठ दिवस गावी गेलो म्हणून तेवढे पैसे कापणे बरे नव्हे. तुमची जागा तिने दुसऱ्याला दिलेली नसते, आणि तिच्या घरीही दिवाळी असते. साडेसहाचे कबूल करून साडेसातला येऊ नये. पहिल्या तारखेचे पैसे दहाव्या तारखेपर्यंत ठेवू नयेत. यांतील प्रत्येक गोष्ट लहान आहे, परंतु तिच्या हिशेबातले ३३० याच वाटेने पुन्हा १९३ होतात.

त्या हिशेबाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या बाकावरच्या भगिनीच्या घरी गेलो व क्षमा मागितली. तिने चहा केला. मग ती म्हणाली, “भाऊ, दर तुम्ही ठरवला, आणि तो भरला माझ्या पोरीनं.” यावर आम्हांस काही उत्तर देता आले नाही, आणि आजही नाही.

पुढे दोघी भगिनी एकत्र बसल्या. दोघींनी आपापला हिशेब मांडला व तो मुलांच्या आयांना वाचून दाखविला. आज दोन्ही घरी प्रत्येकी सहा लेकरे आहेत, दर बावीसशे आहे, आणि प्रत्येक घरी एक जागा कमी दराची असून तिची तूट मंडळी भरते. दाराला वरच्या बाजूस कडी लावली आहे. जून महिन्यात ती मुलगी पुन्हा शिकावयास गेली, एक वर्ष उशिराने. तिची आई अद्याप मागच्याच बाकावर बसते. ते वर्ष आम्ही तिला परत देऊ शकत नाही.

प्रिय वाचकहो, तुमच्याही गावी कोणी भगिनी असा प्रश्न घेऊन येईल. तेव्हा तिला वचन सांगण्यापूर्वी कागद व लेखणी द्या, आणि तिच्याबरोबर बसा. जो प्रभू लेकरांना आपल्याजवळ येऊ द्या असे म्हणाला, त्याने त्यांना उचलून घेण्यास आपले स्वतःचे हात पुढे केले. आपण दुसऱ्याचे हात कामाला लावतो, तर त्या हातांचे मोल देण्याची सद्‍बुद्धी तो आपणा सर्वांस देवो.